अण्णांनी नफाही कमावला होता

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शोकसभेत सात जण बोलले आणि त्यांतले पाच जण एकच वाक्य बोलले : 'अण्णांनी पैसा नाही, माणसं कमावली.' मी मोजत होते. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढली की दुःखातही मोजायची खोड जात नाही. पाचव्यांदा ते वाक्य आलं तेव्हा शेजारी बसलेली आई पदराआडून पुटपुटली, "मग वाण्याला काय माणसं देत होतो?"

मी तिला कोपराने ढोसलं. सभेत असं बोलतात का! पण नंतर अण्णांच्या वह्या लावायला घेतल्या आणि आईचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. धंदा केलेल्या माणसाची आठवण काढताना आपण त्याचा धंदा का वगळतो?

मराठी व्यापाऱ्याच्या श्रद्धांजलीचा साचा ठरलेला आहे. गावाहून पत्र्याची ट्रंक घेऊन आला, हालअपेष्टा सोसल्या, सचोटीने वागला, अडल्यानडल्याला मदत केली, मंडळाला सढळ हाताने वर्गणी दिली. पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडं असा परिवार आहे. ट्रंक आणि वर्गणी यांच्या मधली चाळीस-पन्नास वर्षं गायब. गवई गेला तर त्याची तान कशी होती ते आपण लिहितो, सर्जन गेला तर त्याचा हात कसा होता ते सांगतो. व्यापाऱ्याची खरेदी कशी होती, त्याला माल कसा कळायचा, पैसा कुठे अडकायचा आणि तो कसा सोडवायचा, हे सांगणारी श्रद्धांजली मी तरी ऐकलेली नाही. जणू तो जन्मभर दुसरंच काही करत होता आणि दुकान फक्त बसायला घेतलं होतं.

मोठ्या माणसांचंही आपण हेच केलं. नाना शंकरशेठ म्हटलं की शाळा, रेल्वे, १८५२ची बॉम्बे असोसिएशन, टाऊन हॉलमधला संगमरवरी पुतळा. सगळं खरं, आणि सांगायलाच हवं. पण हा माणूस मुळात व्यापारी होता. अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा बँकांपेक्षा त्यांच्या हवाली ठेवणं पसंत करायचे, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. बँकेत काम केलेल्या बाईला हे वाचून जागेवर उठून बसावंसं वाटतं. परक्या मुलखातला माणूस दुसऱ्याच्या पेढीवर पैसा ठेवतो, तो कोणत्या भरवशावर? याद्या कोण ठेवायचं? परत मागितला तर किती दिवसांत मिळायचा? शाळेत आम्हाला यातलं काही कोणी सांगितलं नाही. नानांनी काय काय दिलं ते पाठ होतं, मिळवलं कसं ते कोऱ्या पाटीवर. दांडेकरांनी १९३१मध्ये गिरगावात शाईची पूड करायला घेतली, तिचा पुढे कॅम्लिन झाला. ती कंपासपेटी आमच्या सगळ्यांच्या दप्तरात होती, आणि त्याच दप्तरात 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे वाक्यसुद्धा होतं. दोन्ही एकत्र कसं राहायचं याचं आश्चर्य मला फार उशिरा वाटलं.

अण्णांचं लालबागला मिरची-मसाल्याचं दुकान होतं, मागच्या बाजूला दोन डंक. ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते : जमिनीत पुरलेली लोखंडी उखळं आणि मोटारीवर वरखाली होणारे मुसळासारखे दांडे. मार्च ते मे हा हंगाम. गिरणगावातल्या बाया वर्षाची मिरची घ्यायच्या, चाळीच्या गच्चीवर दोन-तीन उन्हं द्यायच्या, धणे-खसखस-दगडफूल तेलावर भाजायच्या आणि डबा घेऊन डंकाच्या रांगेत बसायच्या. आख्खी गल्ली शिंकत असायची. तीन महिन्यांची कमाई आणि बारा महिन्यांचा संसार, असं ते गणित.

आता यात कसब कुठे आहे? ओल्या मिरचीत. मिरची वजनावर विकत घ्यायची आणि वजनावरच विकायची. घेताना ती जरा दमट असली की दुकानात पडून वाळते आणि पोत्यामागे घट येते. तुम्ही पैसे पाण्याचे दिलेले असतात. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात काही जण पोत्यावर पाणी शिंपडून ठेवायचे. अण्णा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर मिरची काढायचे आणि कानाशी नेऊन हलवायचे. सुकी मिरची खुळखुळते, आतलं बी वाजतं. दमट मिरची मुकी असते. मग देठ. देठासकट मिरचीचा भाव वेगळा, बिनदेठाचा वेगळा, आणि देठ खुडायची मजुरी दोन्हींतल्या फरकापेक्षा कमी पडली तरच देठाचा माल घ्यायचा. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. कोणत्या चाळीत कुठल्या गावचे लोक राहतात त्यावर कोणती किती भरायची ते ठरायचं. हे ज्ञान आहे. शोकसभेत याबद्दल चकार शब्द निघाला नाही. अण्णा लहान मुलांना खडीसाखर द्यायचे, हे मात्र तिघांनी सांगितलं.

आमच्या घरात अण्णांबद्दलची सगळ्यात मोठी कथा संपाची. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं आजवर कोणी जाहीर केलेलं नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. संप सुरू झाला जानेवारीत आणि मिरचीचा हंगाम मार्चमध्ये. म्हणजे लालबागेतल्या मिरचीवाल्यावर याहून वाईट वेळ येऊ शकत नव्हती. कथा अशी की अण्णांनी त्या वर्षी संपकऱ्यांच्या बायकांना फुकट मसाला वाटला. शोकसभेत ती दोघांनी सांगितली. एकाने तर 'सहाशे घरांना' असा आकडाही दिला. तो कुठून आणला, देव जाणे.

१९८२ची वही माझ्याकडे आहे. लाल कापडाची, लांबट, कोपरे हळदीने पिवळे झालेले. उधारीची खाती नावाने नाहीत, खोलीने आहेत : '२री चाळ, खो. २३. लवंगी १, संकेश्वरी १, धणे अर्धा. बाकी.' अशी ६१ खाती. बाजूला कुठे टिंबं आहेत, कुठे फुली. मला काही उलगडेना, आईने सांगितलं. टिंब म्हणजे एकदा मागून आले. फुली म्हणजे माणसं गावाला गेली, आता मागायचं नाही.

तर वहीप्रमाणे अण्णांनी काहीही फुकट वाटलं नाही. उधार फक्त त्यांना, ज्यांचं दुकानात आधीपासून पाच वर्षांचं खातं होतं. एरवी चार किलो मिरची नेणाऱ्या घराला दोन किलो, त्यावर नाही. बेडगीची खरेदी त्या साली निम्म्यावर आणली आणि लवंगी वाढवली. आई म्हणते, ते बायांना स्वतः सांगायचे, यंदा रंग नको बघूस, तिखट ने, चिमूटभर पुरेल. परळ-दादरहून येणाऱ्या, पगार चालू असलेल्या रोखीच्या गिऱ्हाइकाला दर थोडा चढा. मशीद बंदरच्या व्यापाऱ्याकडून एरवी पंधरा दिवसांची मुदत असायची, ती दिवाळीपर्यंत वाढवून घेतली. ६१ खात्यांपैकी ३८ पुरती फिटली, ९ अर्धीमुर्धी, १४ वर फुली. शेवटचं खातं फिटलं १९९१ला. व्याज कुठेही लावलेलं नाही. आमच्या बँकेत मी अशी थकबाकी दाखवली असती तर माझी बदली झाली असती. पण हंगामाच्या शेवटच्या पानावर बेरीज आहे आणि ती नफ्याची आहे. लहानसा, पण नफा.

मला विचाराल तर फुकट वाटणाऱ्या अण्णांपेक्षा हे अण्णा फार मोठे आहेत. फुकट वाटायला मन मोठं असलं की झालं, आणि एक हंगाम. ६१ घरांना वर्षभर तिखट पुरवायचं आणि पुढच्या वर्षी दुकान उघडंही ठेवायचं, याला डोकं लागतं, आणि ते आपल्याला चालवता येतं हे आपल्या मुलांना कळावं लागतं. आमच्या गल्लीत आणखी एक मसालेवाले होते. त्यांनी खरोखरच हात आखडला नाही, मागेल त्याला मागेल तेवढं दिलं. १९८३च्या पावसाळ्यात त्यांचं दुकान बसलं. शोकसभेतली दानशूरपणाची कथा वास्तविक त्यांची आहे. त्यांच्यासाठी सभा झाल्याचं मला आठवत नाही. त्यांचा डंक अण्णांनी विकत घेतला, पडत्या भावात. आमच्याकडचा दुसरा डंक तो.

वहीत आणखी एक गोष्ट आहे. तीन खात्यांपुढे 'तारण' लिहिलंय : तांब्याचे हंडे. दोन परत गेल्याची नोंद आहे. तिसरा आमच्या माळ्यावर आहे. तो आजीचा हंडा म्हणून आम्ही बहिणी लहानपणापासून ओळखतो. त्या खात्यावर फुली आहे.

लोक म्हणतील, बाई, बापाला जाऊन वर्ष झालं नाही आणि तू त्याचे हंडे काय मोजतेस? श्रद्धांजली म्हणजे ऑडिट नव्हे. मान्य. हंड्याचं मी सभेत बोलले नसते, आजही बोलणार नाही. पण मूळ अडचण औचित्याची नाही. नफा म्हणजे कुणाला तरी लुबाडून मिळवलेला पैसा, असं आपण मनात धरून चालतो. म्हणून आवडता माणूस व्यापारी निघाला की त्याचं कौतुक करण्याआधी त्याचा नफा धुऊन काढावा लागतो. ही समजूत काही आकाशातून पडलेली नाही, हेही कबूल करते. मिरचीच्या पुडीत विटकरीची भुकटी घालणारे होते, मापात मारणारे होते, पाच रुपयांच्या उधारीवर सहा लिहिणारे होते. गिरणगावात वाढलेल्याला दुकानदाराविषयी संशय बाळगायला पुरेशी कारणं होती. पण मग तर हिशोब उघडा करणं जास्तच गरजेचं. सगळेच व्यापारी 'माणसं कमावणारे' असतील, तर विटकर घालणारा आणि न घालणारा यांच्यात फरक कशावरून करायचा? दोघांच्याही सभेत वाक्य तेच असतं.

या सगळ्यात अण्णांचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण ते गल्ल्यावर बसून ऐकवायचे आणि मला बँकेच्या परीक्षेला बसवायचे. पोत्यात हात घालून मिरची ऐकायला त्यांनी आम्हा दोघी बहिणींना कधीच शिकवलं नाही. मी ते बघून बघून शिकले, आणि आता बंद पुडीच्या मसाल्याच्या जमान्यात त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. घाऊक बाजार मशीद बंदरहून तुर्भ्याला गेला, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, गच्चीवर मिरच्या वाळत घालायला सोसायट्यांनी बंदी केली. दुकान आक्रसत गेलं ते गेलंच. त्यावर रडणारं पुष्कळ लिहून झालंय.

हिशोब न सांगितल्याचा चटका मात्र आम्हाला पुढे बसला. दुकान पागडीचं, म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेलं. १९६८ साली अण्णांनी पागडी दिली तेव्हा ती घेणं १९४७च्या भाडे कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे पावती नाही. पहिल्या वहीत एक दांडगी रक्कम 'सत्यनारायण' या नावाखाली पडलीय. तेवढ्या पैशात सबंध लालबागला शिरा वाढता आला असता! पुढे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला राजमान्यता दिली. त्याच कायद्यात असं आहे की धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करत असलेली कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. तशी कोणी नसेल तर वारस, आणि वारसांचं जमलं नाही तर कोर्ट. घरमालकाच्या माणसाने साधा प्रश्न विचारला, "दुकानात त्यांच्याबरोबर कोण होतं?"

कोण होतं? शेवटची चार वर्षं माझा चुलतभाऊ गल्ल्यावर बसायचा. त्याचा पगार दर महिन्याला वहीत लिहिलेला. डंकावरच्या दोन गड्यांची मजुरी लिहिलेली. देठ खुडणाऱ्या बायांचे पैसे किलोमागे लिहिलेले. आई कुठेच नव्हती. १९६८पासून पहाटे पाचला उठून धणे निवडणारी, हंगामात रात्री बारापर्यंत डबे भरणारी, १९९४ला अण्णा इस्पितळात होते तेव्हा दीड महिना एकटीने दुकान चालवणारी बाई छप्पन्न वर्षांच्या वह्यांत एका ओळीतही सापडली नाही. आणि शोकसभेत? 'त्यांच्या पाठीशी वहिनी खंबीरपणे उभ्या राहिल्या.' पाठीशी! ती बसलेली असायची, पाटावर, पुढ्यात सूप घेऊन.

सुटका एका चिटोऱ्याने केली. वजन-मापवाल्यांकडून काट्यावर शिक्का मारून आणल्याची १९९४ची पावती. खाली आईची सही, पहिलं अक्षर जरा मोठं, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची. चुलतभाऊ भला, त्याने काही ताणलं नाही, आपणहून संमती लिहून दिली. नसती दिली, तर ती पावती घेऊन आम्ही कुठवर पोचलो असतो, हे मी बँकेतल्या अनुभवावरून सांगू शकते आणि सांगणार नाही.

म्हणून हा प्रश्न मला एका घराचा वाटत नाही. दादर, गिरगाव, परळ, विलेपार्ल्याला अशी शेकडो दुकानं एका पिढीच्या शेवटाशी आली आहेत. पुनर्विकासात जागा बदलतात आणि वह्या रद्दीत जातात, कारण त्यांत 'आठवण' म्हणून ठेवण्यासारखं काही आहे असं मुलांना वाटतच नाही. मुलं फोटो ठेवतात. काळा घोड्याजवळ राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे सरकारी कागद जपलेले आहेत, फार चांगली गोष्ट. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे माग ठेवतील, भोंगा ठेवतील. पण अडीच लाख घरं पगाराशिवाय काय खात होती हे मागावरून कळणार नाही. ते वाण्याच्या, मसालेवाल्याच्या, खाणावळवालीच्या उधारीच्या वहीवरून कळेल. अशा वह्या गोळा करायला एक कपाट आणि एक माणूस पुरे. खोली नंबर झाकून ठेवा, कुणाच्या आजीची उधारी चव्हाट्यावर आणायचं कारण नाही; बाकी आकडे असू द्या.

आणि घरच्या घरी करायला तर कपाटही लागत नाही. वडील हयात असतील तर त्यांना विचारा, माल कसा ओळखता? पहिलं भांडवल कुठून आणलं? कोणाचं बुडवलं, कोणी बुडवलं? दुकानात बिनपगारी कोण राबलं? बापमाणूस असे प्रश्न टाळतो हे मला ठाऊक आहे. अण्णा 'तुला काय करायचंय' म्हणायचे. मी पुन्हा विचारलं नाही, ही माझी चूक.

वर्षश्राद्धाला आम्ही छोटीशी पुस्तिका काढतोय, नातेवाइकांपुरती. खडीसाखर आहे त्यात, पण मिरचीचं बीही आहे, उधारीची मर्यादा आहे, शेजाऱ्यांचा डंक आहे. हंड्याबद्दल बहिणीचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. शेवटी मला आईच्या कामाचा एक ढोबळ हिशोब टाकायचा होता, म्हणून परवा तिला विचारलं, "तुझी मजुरी कोणत्या दराने धरू?"

तिने निवडत असलेल्या मेथीवरून मान वर केली नाही. "देठाच्या बायांना किलोमागे काय दिलंय ते बघ वहीत. तेच लाव."

मी लिहून घेतलं. जरा वेळाने तीच म्हणाली, "आणि हंगामाचे तीन महिने दुप्पट धर. बायांना नाष्टा होता, मला नव्हता."